परसातल्या कोंबड्या, आजोबा आणि नातवंडे

मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरला एका प्रश्नाची सवय होते. मुलगा-सून नातवंडांना घेऊन शहरातून येणार असतात आणि त्यांच्या आधी त्यांचा निरोप येऊन पोहोचतो : "बाबा, यंदा परसातल्या कोंबड्या कुणाला तरी देऊन टाका. मुलांना काही व्हायला नको." मग रक्तदाब तपासण्याच्या निमित्ताने आलेले आजोबा उठता उठता हळूच विचारतात, "डॉक्टर, खरंच द्याव्या लागतील का हो?"

मुलाची भीती अकारण नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मात्र आजोबांच्या प्रश्नामागे काय असते, तेही समजून घ्यावे. पत्नी गेलेली, शेत खंडाने दिलेले, गुडघे कुरकुरणारे. अशा माणसाला पहाटे उठवून खुराड्याचे दार उघडायला लावणाऱ्या चार-सहा कोंबड्या म्हणजे त्याच्या दिवसाचे वेळापत्रक असते. सकाळी कणी टाकायची, पाणी बदलायचे, दुपारी घारीवर नजर ठेवायची, तिन्हीसांजेला मोजून आत घ्यायच्या. कुणीतरी आपल्यावर अवलंबून आहे ही जाणीव उतारवयात फार मोलाची असते. ती काढून घेण्यापूर्वी धोका नेमका कोणता आणि तो टाळता येतो का, हे पाहणे आवश्यक आहे.

मुख्य धोका साल्मोनेला या जंतूंचा. हे टायफॉइडच्या जंतूंचे भाऊबंद. टायफॉइड कोंबड्यांपासून होत नाही, परंतु या भाऊबंदांमुळे जुलाब, ताप व पोटात मुरडा होतो. अडचण अशी, की कोंबडी धडधाकट दिसत असली तरी तिच्या विष्ठेत, पिसांवर आणि पायांवर हे जंतू असू शकतात. हात तोंडात गेला की काही तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही त्रास सुरू होतो. बहुतेक माणसे आठवड्याभरात बरी होतात. तीव्र आजाराची भीती विशेषतः दोन वयोगटांना असते : पाच वर्षांखालील मुले आणि पासष्टीपुढील माणसे. म्हणजे नातवासाठी जो नियम करायचा, तोच आजोबांनाही लागू आहे. "आम्ही जन्मभर कोंबड्यांत वावरलो, आम्हांला काही झाले नाही," हे म्हणणे तिशीत चालून गेले असेल; सत्तरीत मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना ते चालत नाही.

याउलट, "मातीत खेळू द्या, प्रतिकारशक्ती वाढते," असे सांगणारेही भेटतात. बव्हेरिया, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमधील शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासांत, तान्हेपणापासून गुरांच्या गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांमध्ये दमा व अ‍ॅलर्जीचे प्रमाण कमी आढळले आहे, हे खरे. पण तो अनेक वर्षांच्या सहवासाचा परिणाम आहे. पंधरा दिवसांच्या सुट्टीत न धुतलेल्या हातांनी आंबा खाल्ल्याने तो लाभ मिळत नाही.

तेव्हा कामे वयानुसार वाटून द्यावीत. पाच वर्षांखालील मुलाने कोंबड्या दुरून पाहाव्यात, नावे ठेवावीत, मोजाव्यात. पिल्लू हातात देऊ नये. सहा-सात वर्षांपुढच्या मुलाने दाणे टाकावेत, अंडी गोळा करावीत, कोणत्या कोंबडीने आज अंडे दिले याची वही ठेवावी. एखादी कोंबडी खुडूक बसली असेल तर एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येईपर्यंत रोज तारखेवर खूण करावी; धीर धरायला शिकविणारा याहून चांगला धडा नाही. पिल्लाचा पापा घेणे, त्याला गालाशी धरणे, खुराड्याजवळ काही खाणे यांना मात्र कुणालाच परवानगी नसावी. खुराड्यापासून घराच्या वाटेवरच साबण व पाण्याची बादली ठेवावी आणि वीस सेकंद हात धुतल्याखेरीज उंबरा ओलांडू नये. यावर देखरेख नातवाने आजोबांची करावी व आजोबांनी नातवाची. हा पहारा मुले फार कडकपणे बजावतात.

खुराडे साफ करण्याचे काम घरातील धडधाकट प्रौढाने करावे. वाळलेली विष्ठा तशीच झाडली तर तिची धूळ फुफ्फुसांत जाते. म्हणून आधी पाणी शिंपडावे, नाक-तोंड झाकावे. दमा असलेल्या व्यक्तीने आणि मुलांनी त्या वेळी दूर राहावे. खुराड्यासाठी वेगळ्या चपला असाव्यात व त्या बाहेरच राहाव्यात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी परसात अनवाणी मुळीच जाऊ नये.

वयस्कांच्या बाबतीत मला जंतूंइतकीच चिंता पडण्याची वाटते. ओल्या विष्ठेवरून पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. खुराडे पायांवर उभे करून कमरेच्या उंचीवर आणावे. वाकावे लागत नाही, मुंगसापासूनही संरक्षण होते. तिथवरची वाट कोरडी व उजेडाची असावी. पळणाऱ्या कोंबडीमागे आजोबांनी धावू नये. अंधार पडू लागला की ती आपणहून परतते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नखीचा साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो. तो साबणाने धुऊन दाबून धरावा आणि धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर डॉक्टरांना सांगावे.

आता अंड्यांविषयी. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि ती मऊ असल्याने दात नसलेल्यांनाही घेता येतात. पुष्कळ घरांत अशक्त माणसाला कच्चे अंडे दुधात फेटून देण्याची रीत आहे. ती सोडावी. शिजविलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने पचतात, कच्च्यातील जेमतेम निम्मी. शिवाय जंतूंचा धोका वेगळाच. बलकही घट्ट होईपर्यंत शिजवावे. मळलेले अंडे गार पाण्यात बुडवू नये, कारण त्यामुळे कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून घाण आत ओढली जाते. कोरड्या फडक्याने पुसावे. तडकलेले टाकून द्यावे.

कोंबड्यांना राणीखेत, म्हणजे मानमोडीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर द्यावी. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्यांना हात लावू नये, खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात बर्ड फ्लू आढळला, ही गोष्ट जुनी झाली तरी हा नियम जुना होत नाही.

एखादी कोंबडी मुंगूस नेते, एखादी म्हातारी होऊन मरते, एखादी घरच्याच पातेल्यात जाते. तेव्हा मुलाला "ती मावशीकडे गेली" असे सांगू नये. जे घडले ते थोडक्या, खऱ्या शब्दांत सांगावे आणि त्याला रडू द्यावे. मृत्यूविषयीचा पहिला प्रश्न मूल बहुधा अशा वेळी विचारते, आणि त्याचे उत्तर आजी-आजोबांइतके शांतपणे घरातील दुसरे कुणी क्वचितच देऊ शकते.

इतकी काळजी घेऊनही जुलाब झालेच, तर ओआरएस लगेच सुरू करावे. शौचात रक्त, वाढता ताप, कमी झालेली लघवी किंवा ग्लानी दिसली तर थांबू नये. डॉक्टरांकडे न्यावे आणि घरी कोंबड्या आहेत हे आवर्जून सांगावे. वयस्कांना लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर ती घ्यावी की थांबवावी हे त्याच दिवशी विचारावे. जुलाबांवर घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या कुणालाही देऊ नयेत, कोंबड्यांनाही नाही.

एवढे पथ्य पाळणाऱ्या घरात कोंबड्या राहू द्याव्यात, असे माझे मत आहे. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, अवयवरोपण झालेले असेल किंवा तान्हे मूल असेल, तर मात्र त्या व्यक्तीपुरते अंतर काटेकोर ठेवावे आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून मगच निर्णय घ्यावा.