अठरा तास वाचा, पण दोन तास पाहू नका?

एप्रिल उजाडला की महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत अभ्यासाची लगबग सुरू होते. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त विद्यार्थी सलग 18 तास अभ्यासाला बसतात. प्रशासन दिवे-पंखे चालू ठेवते, चहा-पाण्याची सोय होते, उद्घाटनाला अधिकारी येतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो छापून येतो. उपक्रम चांगलाच आहे. बाबासाहेबांना अभिवादन करायला पुस्तकापेक्षा चांगली वस्तू नाही.

आता त्याच विद्यार्थ्यांनी त्याच ग्रंथालयाच्या सभागृहात ‘जयभीम कॉम्रेड’ मोफत दाखवून त्यावर चर्चा ठेवायची म्हटली, तर काय होते? अनेक ठिकाणी सूर बदलतो. अर्ज कोणाकडे द्यायचा, इथपासून प्रश्न सुरू होतात. ग्रंथपाल विभागप्रमुखांकडे पाठवतात, विभागप्रमुख कुलसचिवांकडे, आणि कुलसचिवांच्या टेबलावर अर्ज पडून राहतो. ‘नाही’ असे लेखी कोणी देत नाही. तारीख निघून गेली की विषय आपोआप संपतो.

बाबासाहेबांना मान खाली घालून वाचलेले चालते. एकत्र बसून, पाहून, प्रश्न विचारलेले चालत नाही. हा फरक का पडतो, हे समजून घेतले पाहिजे.

पडद्यावरून सुरू झालेली प्रकरणे

रोहित वेमुलाचे नाव आपल्याला पाठ आहे. पण त्या प्रकरणाची सुरुवात कुठून झाली, हे अनेकांच्या लक्षात राहिलेले नाही. ऑगस्ट 2015 मध्ये दिल्लीच्या किरोडीमल महाविद्यालयात ‘मुझफ्फरनगर बाकी है’ या नकुलसिंह साहनी यांच्या माहितीपटाचे प्रदर्शन उधळले गेले. त्याचा निषेध हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनने केला. त्यातून विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्याशी वाद झाला, मारहाणीचे आरोप झाले, केंद्रीय मंत्र्यांनी पत्र लिहिले, चौकशा बसल्या आणि पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर काढण्यात आले. 17 जानेवारी 2016 रोजी रोहित गेला. एका माहितीपटाच्या प्रदर्शनावरून पेटलेला वाद पाच महिन्यांत तिथवर पोहोचला होता.

जानेवारी 2023 मध्ये बीबीसीच्या गुजरात दंगलीवरील माहितीपटाच्या वेळी हेच चित्र पुन्हा दिसले. केंद्र सरकारने समाजमाध्यमांवरील त्याचे दुवे हटवायला लावले. जेएनयूमध्ये प्रदर्शनाच्या संध्याकाळी वीज गेली आणि विद्यार्थ्यांनी अंधारात मोबाईलवर तो पाहिला. दिल्ली विद्यापीठाने एका पीएचडी विद्यार्थ्याला वर्षभर परीक्षेला बसण्यास बंदी केली. एप्रिल 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. विद्यार्थ्याची बाजू नीट ऐकून न घेता शिक्षा दिली गेली, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

मुंबईतल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे प्रकरण तर आपल्या दारातले. रामदास के. एस. या दलित संशोधकाला एप्रिल 2024 मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित करून संस्थेच्या सर्व परिसरांत प्रवेशबंदी करण्यात आली. संस्थेने दाखवलेल्या कारणांत दिल्लीतल्या मोर्चातला सहभाग होता, आणि आनंद पटवर्धन यांचा ‘राम के नाम’ पाहण्याचे समाजमाध्यमावरचे आवाहनही होते. हा माहितीपट 1992 चा. त्याला सेन्सॉरचे प्रमाणपत्र आहे, राष्ट्रीय पुरस्कार आहे आणि न्यायालयाच्या आदेशानंतर तो खुद्द दूरदर्शनवर दाखवला गेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने रामदास यांची याचिका फेटाळली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबनाचा भोगलेला काळच पुरेसा मानून त्यांना पीएचडी पूर्ण करण्याची वाट मोकळी केली. दिलासा मिळाला, पण तोवर संशोधनाचे एक वर्ष हातातून गेले होते.

तिन्ही प्रकरणांत वाद चित्रपटातल्या मजकुरावर झालाच नाही. कोणत्या दृश्यात काय खोटे आहे, हे कोणी दाखवून दिले नाही. वाद झाला तो परिसर कोणाचा, एकत्र जमायचा अधिकार कोणाचा, यावर.

मोफत प्रदर्शनाची गरज कोणाला आहे?

काही जण विचारतात, आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, मग सभागृहाचा अट्टहास कशाला? हा प्रश्न बहुधा ज्याच्या घरी स्वतःची खोली आहे तोच विचारतो.

तालुक्याच्या गावाहून विद्यापीठात आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर मुलाला मल्टिप्लेक्सचे तिकीट परवडत नाही. ओटीटीची वर्गणीही त्याच्याकडे नसते. वसतिगृहाच्या खोलीत चारजण राहतात. त्याच्यासाठी ग्रंथालय ही शहरातली एकमेव अशी जागा असते, जिथे पैसे न देता, जात न विचारता बसता येते. तिथे पडदा लागला तर तो सिनेमा त्याचाही होतो.

दुसरे असे की आपल्या विषयावरचे चित्रपट चित्रपटगृहांत फार टिकत नाहीत, काही तर तिथवर पोहोचतच नाहीत. ‘फुले’ हा चित्रपट 2025 मध्ये महात्मा फुले यांच्या जयंतीला, 11 एप्रिलला, प्रदर्शित व्हायचा होता. ब्राह्मण संघटनांचे आक्षेप आले, सेन्सॉर मंडळाने जातिवाचक उल्लेख बदलायला सांगितल्याच्या बातम्या आल्या आणि तो 25 एप्रिलला आला. दलित मुलीच्या हत्येच्या तपासावरचा ‘संतोष’ ऑस्करसाठी ब्रिटनची अधिकृत प्रवेशिका ठरला. भारतात मात्र त्याला प्रमाणपत्र नाकारले गेले. याउलट ‘द कश्मीर फाइल्स’ 2022 मध्ये गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशसह अनेक राज्यांनी करमुक्त केला. कोणत्या चित्रपटाला सरकार हात धरून प्रेक्षकांपर्यंत नेते आणि कोणत्या चित्रपटाला दारातच अडवते, हे इथे स्पष्ट दिसते. विद्यापीठाचे सभागृह हा तोल थोडासा सावरू शकते.

आणि तिसरे, एकट्याने पाहणे आणि मिळून पाहणे यांत फरक आहे. ‘जयभीम कॉम्रेड’मध्ये 11 जुलै 1997 च्या रमाबाई नगर गोळीबारानंतरची चौदा वर्षे आहेत. त्या गोळीबारात दहा जण गेले, आणि त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. पटवर्धन यांनी हा माहितीपट मुंबईच्या वस्त्यांमध्ये दाखवला, तेव्हा लोक तीन तासांहून अधिक वेळ बसून राहिले. दिवे लागल्यावर जी चर्चा होते, ती मोबाईल देत नाही.

ही परंपरा आपलीच आहे

सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे अभ्यासात व्यत्यय, असे मानणारे आपल्यातही आहेत. त्यांनी मिलिंद महाविद्यालयाचा इतिहास आठवावा. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी 1955 मध्ये बाबासाहेबांसमोर सादर केले आणि 1956 च्या धम्मदीक्षेच्या वेळी ते नागपुरात लाखोंच्या समुदायापुढे झाले. पुढे त्याच औरंगाबादेतून प्रा. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ने दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले. त्याआधी भीमराव कर्डक आणि इतरांच्या जलशांनी गावोगावी विचार पोहोचवला होता. ग्रंथालय आणि रंगमंच हे आपल्या चळवळीत कधीच एकमेकांचे वैरी नव्हते. जलशाची जागा आज प्रोजेक्टरने घेतली आहे, एवढेच.

परदेशातल्या आपल्या बांधवांनीही हे दाखवून दिले. ज्या कोलंबिया विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे, तिथे न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी 2019 मध्ये दलित चित्रपट आणि सांस्कृतिक महोत्सव झाला. नागराज मंजुळे आणि पा. रंजित त्यात सहभागी झाले. आंबेडकरी संघटना आणि विद्यापीठ एकत्र आले, की काय घडू शकते, याचे ते उदाहरण आहे.

कायदा काय म्हणतो?

भावनेवर प्रदर्शन होत नाही, तयारीवर होते. स्वामित्व हक्क कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थांना सवलत आहे. संस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक व संस्थेच्या उपक्रमाशी संबंधित व्यक्ती एवढेच असले, तर तो हक्कभंग ठरत नाही. पण वस्तीतल्या लोकांना, बाहेरच्या कार्यकर्त्यांना बोलवायचे असेल, तर ही सवलत लागू पडत नाही. कार्यक्रम मोफत आहे म्हणून परवानगी नको, हा समज चुकीचा आहे. अशा वेळी दिग्दर्शकाला थेट लिहावे. माहितीपट बनवणारे बहुतेक जण आपले काम लोकांपर्यंत जावे यासाठीच धडपडत असतात. कोणाच्या तरी वैयक्तिक ओटीटी खात्यावरून सार्वजनिक प्रदर्शन करू नये. त्या खात्याच्या अटी घरगुती वापरासाठी असतात. आणि सेन्सॉरचे प्रमाणपत्र असलेला चित्रपट निवडला, तर प्रशासनाच्या हातातले सर्वात सोपे कारण निघून जाते. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ तर केंद्र आणि महाराष्ट्र सरकारच्याच पैशातून बनला आहे. तो नाकारताना कोणत्या तोंडाने नाकारणार?

मुळातली अडचण वेगळी आहे. महाराष्ट्रात 1990 च्या दशकापासून खुल्या विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद आली, पण प्रत्यक्ष निवडणुका लांबतच राहिल्या. विद्यार्थ्यांनी निवडून दिलेली परिषद नसली, की सभागृह मागणारा प्रत्येकजण एकटा पडतो. मग प्रशासनाच्या मर्जीवर सगळे चालते, आणि मर्जी ही नेहमी वरच्या दिशेने पाहते.

मग करायचे काय?

पहिली मागणी नियमांची हवी, एका चित्रपटाच्या परवानगीची नको. प्रत्येक विद्यापीठ ग्रंथालयाने सभागृह वापराची लेखी, जाहीर नियमावली करावी: अर्ज किती दिवस आधी, उत्तर किती दिवसांत, नकार दिल्यास कारण लेखी. हाच नियम सर्व संघटनांना लागू असावा. आपल्याला नको असलेल्या विचारांच्या चित्रपटालाही तो लागू होईल, हे मान्य करावे लागेल. त्यांनीही दाखवावे, आपण जाऊन प्रश्न विचारू. बुद्धाने ‘ये आणि पाहा’ असे सांगितले; तपासून पाहायला आपण कशाला घाबरायचे?

दुसरे, अर्ज नेहमी लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात विचारावे. दिल्लीच्या त्या विद्यार्थ्याला न्यायालयात न्याय मिळाला, तो प्रशासनाने प्रक्रिया मोडली म्हणून. आपली कागदपत्रे पूर्ण असतील, तरच त्यांची प्रक्रिया मोडलेली दिसते.

तिसरे, महिन्यातून एक प्रदर्शन, एवढे सातत्य ठेवावे. वादग्रस्त चित्रपटाच्या दिवशीच जागे होणाऱ्या संघटनेला बदनाम करणे सोपे असते. ‘फँड्री’, ‘कोर्ट’, ‘जयभीम कॉम्रेड’ असा वर्षभराचा कार्यक्रम ग्रंथालयाच्या फलकावर लागला, प्रत्येक चित्रपटासोबत संबंधित पुस्तकांची मांडणी झाली, एखाद्या प्राध्यापकाने प्रास्ताविक केले, तर तो ग्रंथालयाचा उपक्रम होतो. मग तो बंद करणाऱ्याला कारण द्यावे लागते.

येत्या 14 एप्रिलला 18 तासांचा अभ्यास जरूर करा. पण अर्ज देताना त्यात एक ओळ वाढवा: शेवटचे तीन तास चित्रपट आणि चर्चेसाठी सभागृह मिळावे. उत्तर काय येते, त्यावरून आपले विद्यापीठ बाबासाहेबांच्या फोटोला हार घालते की त्यांच्या विचारांना जागा देते, हे कळून येईल.

जयभीम.