डायमंड किती जण होऊ शकतात? रँकच्या योजनेचं साधं गणित



सुट्टी लागली की आपल्यापैकी बऱ्याच जणांना एक फोन येतो. "सर, फक्त अर्धा तास द्या, एक प्लॅन दाखवायचाय." फोन करणारा परका नसतो. जुना विद्यार्थी असतो, नात्यातला असतो, नाहीतर शेजारच्या शाळेतला सहकारी. मग एखाद्या हॉलमध्ये मीटिंग, व्यासपीठावर सूट घातलेले कुणीतरी 'डायमंड' आणि त्यांच्या गाडीचा फोटो. विकायचा माल म्हणजे साबण, टूथपेस्ट, प्रोटीनचा डबा. माल चांगला असेलही, त्यावर मला आज काही म्हणायचं नाही. मला बोलायचंय ते त्या 'डायमंड' शब्दाबद्दल, म्हणजे रँकबद्दल. कारण आपण शिक्षक माणसं रँक म्हटलं की गुणवत्ता समजतो आणि नेमके तिथेच फसतो.

नेटवर्क मार्केटिंगमध्ये प्रत्येक वस्तूला किमतीशिवाय पॉइंट असतात. तुमची खरेदी आणि तुमच्या खालच्या सगळ्यांची खरेदी मिळून महिन्याचे पॉइंट होतात. पॉइंट वाढले की टक्का वाढतो. सुरुवातीला तीन, मग सहा, नऊ असं करत वीस-एकवीसपर्यंत. योजनेगणिक आकडे बदलतात, घाट हाच. आता कमाई कशी होते बघा. समजा तुम्ही १५ टक्क्यांच्या पायरीवर आहात आणि तुम्ही जोडलेल्या ताई ६ टक्क्यांवर. त्यांच्या गटाने २०,००० रुपयांची खरेदी केली. ताईंना मिळाले १,२०० आणि तुम्हाला मिळाला दोन टक्क्यांमधला फरक, ९ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. माल त्यांनी खपवला, जास्त पैसे तुम्हाला. इथवर मीटिंगमध्येही सांगतात, फळ्यावर गोल काढून सांगतात.

पुढचं मात्र घाईत उरकतात. त्याच ताई मेहनत करून १५ टक्क्यांवर आल्या आणि तुम्ही होतात तिथेच राहिलात, तर फरक शून्य. त्यांच्या गटातून तुम्हाला काही नाही. तुम्हीही वर सरकलात तरच फरक टिकतो. आणि ताई सर्वात वरच्या टक्क्यावर पोहोचल्या की बऱ्याच योजनांत त्यांची फांदी तुमच्या झाडापासून वेगळी धरतात. त्यावर थोडासा बोनस मिळतो, तोही तुमच्या उरलेल्या गटाने ठरलेले पॉइंट केले तर. म्हणजे ज्याला तुम्ही शिकवून मोठं केलं, तो मोठा होताच तुमची मिळकत आटते आणि तुम्ही पुन्हा नव्या माणसाच्या शोधात. "एकदा टीम उभी राहिली की घरबसल्या पैसा" हे वाक्य या नियमापुढे टिकत नाही.

आता रँक. समजा प्लॅटिनमला महिन्याला १०,००० पॉइंट लागतात आणि एक कुटुंब साधारण १०० पॉइंटचा माल घेतं. म्हणजे एका प्लॅटिनमखाली शंभर घरं आली. डायमंडला असे सहा प्लॅटिनम हवेत, म्हणजे सहाशे घरं. आता ६,००० जण बसलेल्या मेळाव्याची कल्पना करा. त्यात डायमंड होणार फार तर दहा. सगळ्यांनी सारखीच मेहनत केली, सगळ्यांनी पहाटे उठून सकारात्मक विचार केले, तरी दहाच! उरलेल्या ५,९९० जणांना व्यासपीठावरून सांगतात की तुम्ही मनापासून प्रयत्न केले नाहीत.

आपल्या वर्गाशी ताडून बघा. साठ मुलांच्या वर्गात साठही मुलं प्रथम श्रेणीत येऊ शकतात. एकाच्या प्रथम श्रेणीसाठी दुसऱ्या शंभरांनी खाली राहावं असा नियम नाही. कोणी म्हणेल, स्पर्धा परीक्षेतही जागा मोजक्याच असतात की. असतात, पण त्यांचा आकडा जाहिरातीत छापलेला असतो. आणि नापास झालेल्यांच्या खिशातून पास झालेल्यांचा पगार होत नाही.

शिवाय ही रँक एकदा मिळाली की आपली झाली, असंही नाही. पुष्कळ योजनांत ती दर महिन्याला किंवा दर वर्षाला पुन्हा कमवावी लागते. म्हणून महिनाअखेरीला गंमत होते. ९,२०० पॉइंट झालेले असतात, आठशे कमी पडतात. टक्का जाईल, अपलाइन काय म्हणेल, या धास्तीने माणूस उरलेल्या पॉइंटचा माल स्वतःच उचलतो. दिवाणाखाली शॅम्पूच्या बाटल्या साठतात. कागदावर ती विक्री दिसते, खरं तर ती रँक टिकवण्याची फी असते.

डावी-उजवी बाजू असलेल्या बायनरी योजनेत आणखी एक मेख आहे. कमिशन कमी भरलेल्या बाजूवर मिळतं. डावीकडे ५०,००० पॉइंट आणि उजवीकडे ८,००० असतील तर हिशेब ८,००० वर. "तुमची एक बाजू आम्हीच भरून देतो" हे औदार्य त्यामुळे स्वस्तात पडतं.

यातला प्रत्येक व्यवसाय बेकायदा आहे असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे १९७८ च्या कायद्याने मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी आहे. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रवेश फी घेऊ नये आणि केवळ माणूस जोडल्याबद्दल मोबदला देऊ नये असं आहे. २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली. पण मालाच्या आडून माणसंच जोडली जात आहेत का, हे ओळखणं अवघड जातं. अमेरिकेत हर्बालाइफने २०१६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २० कोटी डॉलर भरले आणि तिथली मोबदल्याची पद्धत प्रत्यक्ष ग्राहकाला झालेल्या विक्रीवर बांधायचं मान्य केलं. त्याच कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी २०२४ मध्ये अशा कंपन्यांची ७० उत्पन्न-पत्रकं तपासली. बहुतेक पत्रकांनुसार बहुसंख्य सहभागींची वर्षाची कमाई हजार डॉलर किंवा त्याहूनही कमी होती.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या योजनांना शिक्षक हवाहवासा वाटतो, कारण त्याच्याकडे पालकांचे फोन नंबर असतात आणि गावात त्याच्या शब्दाला मान असतो. सेवेच्या वर्तणूक नियमांत परवानगीशिवाय खाजगी धंद्याला मनाई, म्हणून आयडी बायकोच्या नावाने निघतो. पण पालकांना फोन जातो तो सरांचाच. समोरची आई काय करणार? पोरगं सरांच्या वर्गात, नाही कसं म्हणायचं? ती डबा घेते, महागडा घेते आणि गप्प बसते. तिची ही गरज नव्हे, भीड आहे, आणि ती भीड कुणाच्या तरी रँकमध्ये मोजली जाते. पालकहो, असा फोन आला तर खुशाल नाही म्हणा, मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. बारावी झालेलं पोर "ट्रेनिंगची नोकरी लागली, आधी पैसे भरायचेत" म्हणत आलं, तर पैसे देण्याआधी त्याच्याकडून योजनेचं नियमपत्रक मागून घ्या. सर्वात वरच्या रँकला खाली किती माणसं लागतात, एवढा एकच भागाकार त्याला करायला लावा.

आणि गणिताच्या शिक्षकांनो, घातांक शिकवताना हे उदाहरण घ्या. एकाने सहा जोडले, त्या प्रत्येकाने सहा. सहाचा दहावा घात सहा कोटींच्या पुढे जातो, अकरावा छत्तीस कोटींच्या पुढे. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. मुलांना विचारा, साखळी कुठेही थांबवली तरी ज्यांच्या खाली कुणीच नाही असे किती? उत्तर दर सहांपैकी जवळजवळ पाच येतं. हे गृहपाठालाच द्या, आणि वहीवर पालकांची सही आणायला सांगा.