टेकडीची माती टेकडीवरच राहू दे

वळवाचा पहिला पाऊस झाला की आमच्या उतारावरच्या रस्त्याला चहाचा रंग येतो. वरच्या अंगाला टेकडी कापून सपाटीकरण चाललंय. पाऊस जेमतेम अर्धा तास पडतो आणि तेवढ्यात वळणावर बोटभर जाडीचा मुरूम येऊन बसतो. सकाळी दूधवाल्याची गाडी त्यावरून घसरते. आपण त्याला उठवतो, ‘फार लागलं नाही ना?’ म्हणतो. कोणीतरी फावडं-घमेलं आणून मुरूम कडेला ओढतं. दुपारी पुन्हा पाऊस, आणि कडेला ओढलेला मुरूम पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये.

तो तिथे थांबत नाही. खाली आंबील ओढा आहे.

कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला याच ओढ्यावर तलाव बांधून घेतला आणि बंदिस्त नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेवर उच्छ्वास होते. त्यांत गाळ खाली बसे, निवळ पाणी पुढे जाई. पाण्याबरोबर माती येणारच, तिला वाटेत बसवायला जागा हवी, हे अडीचशे वर्षांपूर्वी पुण्याला ठाऊक होतं. आता त्याच पुण्यात आपण चेंबरवरचं झाकण उचलतो आणि आत मुरमाचा ओटा पाहून परत ठेवतो.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आपल्यातलं कोणीच विसरलेलं नाही. आंबील ओढा वस्त्यांत शिरला, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. ‘ढगफुटी झाली’ म्हणून आपण सगळं ढगावर ढकललं. त्याच्या सहा वर्षं आधी, जून २०१३ मध्ये, कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगर फोडलेल्या जागेवरून लोंढा महामार्गावर आला. एक आई आणि तिची लहान मुलगी त्यात वाहून गेल्या. तिथला डोंगर ढगाने फोडला नव्हता.

मला वाटतं, आपण ओढ्याकडे चुकीच्या महिन्यात बघतो. सप्टेंबरात पूर आला की ओढ्याच्या काठावर उभं राहून फोटो काढतो. पण ओढ्याचं जे व्हायचं ते मार्च-एप्रिलमध्येच ठरून गेलेलं असतं, वर टेकडीवर, पोकलेन चालू असतो तेव्हा.

गवत आणि झुडपं असलेल्या उतारावर पाणी अडखळत, मुरत, दमादमाने उतरतं. तोच उतार खरवडला की वरची वीतभर माती जाते आणि मोकळा झालेला मुरूम उघडा पडतो. मग पाणी मुरत नाही, पळतं, आणि पळताना मुरूम सोबत नेतं. तो मोरीत साठतो, मोरी अर्धी होते. म्हणजे पाणी जास्त आणि वाट कमी.

हे पाणी किती, त्याचा हिशोब तिसरीतल्या मुलालाही जमेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या सोसायटीची गच्ची हजार चौरस मीटर धरा. जोरदार पावसाच्या एका दिवशी ५० मिलिमीटर पडला की ५०,००० लिटर. दहा हजारांचे पाच टँकर! ते आपण पाइपाने थेट रस्त्यावर सोडतो आणि एप्रिलमध्ये टँकरवाल्याला फोन लावतो.

नियम नाहीत असं नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. पाच फूट पुढे जाताना एक फूट चढावं लागलं तर समजा, ती जमीन सोडून द्यायची. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पाऊस जिरवायची सोय सक्तीची आहे. राडारोडा ओढ्यात टाकायला बंदी आहे. मोठ्या प्रकल्पांना मिळणाऱ्या पर्यावरण मंजुरीत वरची माती वेगळी साठवून ठेवण्याची अटही असते.

पण आधी पोकलेन लावून उतार कापला, टप्पे पाडले आणि मग मोजणी केली, तर १:५ कागदावर सापडणार कसा? आणि खरी फट तर पुढेच आहे. इमारतीचा नकाशा बारकाईने पाहिला जातो, भोगवटापत्राच्या वेळी पुन्हा पाहणी होते. मधले सहा-आठ महिने माती उघडी पडलेली असते, तेव्हा प्लॉटवर फिरकायचं कोणी?

म्हणून आपली मागणी एकच असू दे, आणि ती महापालिकेकडे, पीएमआरडीएकडे आणि ग्रामपंचायतीकडेही असू दे: ३१ मेच्या आत प्रत्येक उघड्या प्लॉटची तपासणी, आणि त्या प्लॉटची माती त्या प्लॉटमध्येच राहील याची हमी. त्यासाठी फार काही लागत नाही. खालच्या कडेला चर आणि गाळ बसायला खड्डा. मुरमाच्या ढिगावर ताडपत्री. फाटकाशी डंपरची चाकं धुवायची सोय. कापलेल्या उतारावर पावसाआधी गवत. कोट्यवधींच्या प्रकल्पात हा खर्च चहापाण्यात मोडेल.

आणि हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्यातले कितीतरी जण पुरंदर, माण, बार्शीकडून इथे आले. १९७२ च्या दुष्काळानंतर पाझर तलाव, बांध, समतल चर खोदताना आपल्याच आई-वडिलांनी पाट्या वाहिल्या. पाण्याचं काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे न्यायचं, हे गावाकडची पोरंही सांगतात. फ्लॅटची किल्ली हातात आली आणि आपण ते विसरलो.

बिल्डर शत्रू आणि आपण साधू, असंही समजू नका. आमची सोसायटीही टेकडीच्या पायथ्याला माती कापूनच उभी आहे. पावसाचं पाणी जिरवायची सोय आम्ही केली ती मिळकतकरातल्या सवलतीसाठी. गेल्या मेमध्ये झाकण उघडलं तर फिल्टरची खडी चिखलाने लिंपून गेलेली, त्यावर एक चिप्सचं पाकीट आणि शेजारी निवांत बसलेला बेडूक. चार वर्षांत आम्ही एकदाही ती खडी धुतली नव्हती. दोघांनी मिळून दोन तासांत धुतली. मग पार्किंगच्या कडेचे पेव्हर ब्लॉकही दोन ओळी उखडून तिथे माती मोकळी केली. सेक्रेटरी जरा कुरकुरले, पण जुलैत फाटकाशी तळं झालं नाही तेव्हा गप्प झाले.

खडी धुतली त्याच आठवड्यात आम्ही तिघं-चौघं वरच्या साइटवर गेलो. भांडायला नाही. सुपरवायझरला म्हटलं, ‘दादा, तुमचा मुरूम आमच्या दारात येतोय, काय करता येईल?’ तो म्हणाला, ‘आजवर कोणी सांगितलंच नाही हो.’ दोन दिवसांत वाळूच्या पोत्यांची रांग लागली. थोडी वाकडी होती, पण होती.

सगळीकडे असं गोडीत जमेल असं नाही. तेव्हा तारखेसकट फोटो काढा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नोंदणी झालेल्या प्रकल्पांचे मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. जुन्या गावनकाशावर ओढ्याची रेघ असते. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले की पुष्कळ काही उलगडतं. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. पण एकट्याने जाऊ नका. एका अर्जावर चाळीस सह्या असल्या की टेबलापलीकडचा माणूसही खुर्ची पुढे करतो.

समाविष्ट गावांत हे काम जास्त तातडीचं आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुण्यात आली. तिथले ओढे अजून पुरते बुजलेले नाहीत. काही ठिकाणी उन्हाळ्यातही पाणी झिरपतं, काठावर करंज, उंबर उभे आहेत. आंबील ओढ्याच्या वेळी आपण उशिरा जागे झालो. इथे अजून वेळ हातात आहे.

मेच्या पहिल्या रविवारी आम्ही सकाळी साडेसहाला आमच्या ओढ्याच्या कडेने वरपर्यंत चालत जाणार आहोत. कुठे माती उघडी आहे, कुठली मोरी तुंबली आहे, ते वहीत उतरवायचं आणि सोमवारी सगळ्यांनी मिळून अर्ज द्यायचा. तुमच्या भागात ओढा असेलच. तुम्हीही निघा. वहीबरोबर एखादं फावडं आणि घमेलंही असू द्या, चेंबरपाशी लागेलच.