आकडा चुकला असेल, तपासा

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात युनियनटाउन नावाचे तीनशेच्या आतबाहेर वस्तीचे खेडे आहे. १९९९ साली तिथल्या हायस्कूलमधले शिक्षक नॉर्मन कोनार्ड यांनी इतिहासाच्या प्रकल्पासाठी काही विद्यार्थिनींच्या हाती एका साप्ताहिकाचे जुने कात्रण ठेवले. इरेना सेंडलर या बाईने १९४२-४३ मध्ये पोलंडमधल्या वॉर्साच्या घेटोतून अडीच हजार मुले वाचवली, एवढाच त्यातला मजकूर. शिक्षकांनी हे नाव कधी ऐकलेले नव्हते. ऑस्कर शिंडलरने बाराशेच्या आसपास माणसे वाचवली हे चित्रपटामुळे जगभर पोचले होते. मग त्याच्या दुप्पट मुले वाचवणारी बाई कोणालाच कशी ठाऊक नाही? छापताना आकडा चुकला असेल, तपासा, असे त्यांनी मुलींना सांगितले.

या सांगण्याचे मोल फार मोठे आहे. शिक्षकाने वर्गासमोर ‘मला माहीत नाही’ असे म्हटले आणि छापील मजकुरावर शंका घ्यायची मुभा दिली. इतिहासाचा अभ्यास इथून सुरू होतो. उत्तर आधीच ठाऊक असेल तर उरते ते फक्त उतरवून काढणे.

मुली शोधत गेल्या. इंटरनेटवर तेव्हा या नावाची जेमतेम एक नोंद होती. सेंडलरबाईंची कबर कुठे आहे ते शोधताना कळले की त्या हयात आहेत, वॉर्सातच राहतात. पत्रव्यवहार सुरू झाला, मुलींनी त्यांच्या कार्यावर एक छोटे नाटक बसवले, आणि २००१ मध्ये त्या वॉर्साला जाऊन नव्वदी ओलांडलेल्या इरेनाबाईंना भेटल्या. ज्यू संस्कृतीशी फारसा संबंध नसलेल्या एका शेतकरी मुलखातल्या या शाळकरी मुली होत्या.

त्यांना काय सापडले? इरेना सेंडलर वॉर्सा नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात काम करत. नाझींनी चार लाखांहून अधिक ज्यू घेटोत, म्हणजे भिंतीआडच्या एका कोंडवाड्यात, कोंबले होते. टायफसची साथ भिंतीबाहेर येईल या धास्तीने जर्मनांनी आरोग्य कामगारांना आत जायचे परवाने दिले होते आणि इरेनाबाईंनी या परवान्याचाच उपयोग करून घेतला. रुग्णवाहिकेतून, पोत्यांतून, गटारांतून, घेटोला लागून असलेल्या न्यायालयाच्या इमारतीतून मुले बाहेर काढली गेली आणि खोट्या नावांनी कुटुंबांत, अनाथालयांत, मठांत ठेवली गेली. ज्यूंना आसरा देणाऱ्या पोलिश माणसाला तेव्हा मृत्युदंड होता. मुलांची खरी नावे पातळ कागदाच्या पट्ट्यांवर लिहून, बरण्यांत घालून जमिनीत पुरली होती. युद्ध संपल्यावर मुले आपल्या माणसांना परत मिळावीत म्हणून. बहुतेकांचे आईबाप तोवर ट्रेब्लिंकाच्या संहारछावणीत मारले गेले होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये गेस्टापोने इरेनाबाईंना पकडले, त्यांचा छळ केला, देहदंडाची शिक्षा सुनावली. सहकाऱ्यांनी लाच देऊन त्यांना सोडवले, पण तोवर त्यांच्या तोंडातून एकही नाव निघाले नव्हते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने १९६५ मध्येच त्यांचा गौरव केला होता. म्हणजे त्यांचे नाव हरवलेले नव्हते. दप्तरात होते, यादीत होते. वाचायला कोणी गेले नव्हते, इतकेच. दुर्लक्षित म्हणवली जाणारी बहुतेक माणसे अशीच नोंदींत पडून असतात.

आपल्याकडची स्थिती पाहा. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळीबार केला. हुतात्म्यांच्या यादीत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. दरवर्षी पंचवीस सप्टेंबरला मानवंदना होते, भाषणे होतात. पण तो कोणत्या वाडीतला, पोटासाठी काय करायचा, जंगलाच्या कायद्याने त्याच्या घरच्या चुलीवर काय पाळी आणली, त्याच्या मागे कोण राहिले, हे त्या तालुक्यातल्या किती शाळकरी मुलांनी विचारले असेल? पोलंडचा धागा तर थेट कोल्हापूरला येतो. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले. छावणीला दूध कोण घालत होते, गवंडीकाम कोणी केले, दवाखान्यात कोणकोण राबत होते? ही माणसे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. त्यांची नातवंडे मात्र त्याच परिसरातल्या शाळांत शिकत असतील.

आणि आपले इतिहासाचे प्रकल्प कसे होतात? स्टेशनरीच्या दुकानातून थोर पुरुषांच्या चित्रांचा तक्ता आणायचा, चित्रे कापून चिकटवायची, मोबाइलवरचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवायचा, वर जिलेटीनचे कव्हर. पुष्कळदा ते आईच रात्री जागून करते. वहीवर सही होते, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण पडतात, वर्ष संपले की वह्या रद्दीत जातात. मुलांना यात दोष नाही. आपण त्यांना प्रश्न दिलेलाच नाही, फक्त विषय दिला. ‘स्वातंत्र्यलढ्यातील नेते’ हा विषय आहे. ‘आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरात नोंदलेली पहिली मुलगी कोण आणि तिचे पुढे काय झाले’ हा प्रश्न आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या कपाटातले जुने रजिस्टर उघडावे लागेल, गावातल्या आजीच्या ओट्यावर बसावे लागेल, मोडी वाचणारा माणूस गाठावा लागेल, कदाचित पुराभिलेख खात्याच्या कोल्हापूरच्या वा पुण्याच्या कार्यालयाला अर्ज करावा लागेल. नववीतला मुलगा हे करू शकतो. युनियनटाउनच्या मुलींकडे यापेक्षा जास्त साधने नव्हती.

मात्र शोधाबरोबर दुसरी जबाबदारीही येते. इरेनाबाईंची कीर्ती जगभर झाल्यावर पोलिश पत्रकार अॅना बिकाँट यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र २०१७ मध्ये आले. अडीच हजार या आकड्याला पुरेसा आधार मिळत नाही, असे त्यात दाखवले आहे. त्या बरण्यांतल्या याद्या आज उपलब्ध नाहीत, आणि हे काम एकट्या बाईचे नव्हते; जाळे मोठे होते, त्यातल्या अनेक बायकांची नावे अजून मागेच आहेत. म्हणजे कोनार्ड यांची पहिल्या दिवशीची शंका पूर्ण फोल नव्हती. यामुळे सेंडलरबाई लहान होतात का? मुळीच नाही. एका मुलासाठीही फासावर जाण्याची तयारी लागत होती, आणि ती त्यांची होती. त्या स्वतः वीरांगना म्हणवून घ्यायला नाखूष असत; आणखी करायला हवे होते, असेच म्हणत.

महाराष्ट्राला हा धडा विशेष लागू आहे. आपल्याकडे विस्मृतीतला माणूस सापडला रे सापडला की तो आधी एका जातीचा होतो, मग एका पक्षाचा. चौकाला नाव, मग पुतळा, आणि त्यानंतर त्याच्याविषयी साधा प्रश्न विचारणे म्हणजे भावना दुखावणे. शोधून काढलेल्या माणसाला आपण पुन्हा गाडतो, यावेळी हारांखाली. आदर आणि तपासणी एकाच वहीत नांदू शकतात, हे शाळेत शिकवले नाही तर पुढे कुठेच शिकवले जात नाही.

म्हणून इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. यंदाच्या प्रकल्पासाठी ज्याचे उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही असा आपल्या गावातला एक प्रश्न मुलांना द्या. मजकूर कुठून मिळाला, कोणी सांगितला, दोन माणसांच्या सांगण्यात फरक कुठे पडला, हे लिहायला लावा आणि गुण त्यालाच द्या. एखादी मुलगी आठ ठिकाणी विचारून आली आणि तिने प्रामाणिकपणे ‘सापडले नाही’ असे लिहिले, तर तिला पूर्ण गुण द्या. आणि ती वही रद्दीत घालू नका, शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तिथून पुढे जाता येईल.