‘आपोआप कळते’ म्हणणाऱ्यांस

वयात येणाऱ्या मुलामुलींशी त्या वयाविषयी मोकळेपणाने बोलावे, असे कोणी सुचविले की आपल्यातील सुजाण मंडळी दोन उत्तरे देतात : ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ आणि ‘आम्हांला कोणी शिकविले होते? आपोआप कळते.’ दोन्ही उत्तरे तपासून पाहण्याजोगी आहेत.

संस्कृतीचेच प्रमाण हवे, तर मुलीला न्हाण आले की सुवासिनींना बोलावून तिला मखरात बसविणारी पिढी आपलीच होती. त्या प्रथेमागे बालविवाह होता, म्हणून ती गेली हे उत्तमच झाले. परंतु विषयाचा उच्चार त्या पिढीला वर्ज्य नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ अश्लीलतेचे खटले सोसून १९२७ पासून १९५३ पर्यंत निघत राहिले, तेही मराठीतच.

आणि ‘आपोआप’ कळते ते काय? रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर भोंदू वैद्यांनी रंगविलेला ‘गुप्तरोग’, आणि आता खिशातला मोबाईल. झोपेत होणाऱ्या नैसर्गिक वीर्यस्खलनाला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो. शब्दातच दोष ठेवल्यावर मुलगा स्वतःस रोगी समजून त्या भिंतीकडे वळला, तर नवल कसले? मराठीत ‘स्वप्नावस्था’ हा निर्मळ शब्द असताना तो आपण वापरत नाही. मुलीच्या वाट्याला तर ‘विटाळ’ आणि ‘कावळा शिवला’!

सांगावयाचे ते फार नाही. हे बदल मुलींत साधारणतः ८ ते १३ आणि मुलांत ९ ते १४ या वयात सुरू होतात. पाळी पहिली एकदोन वर्षे अनियमित असू शकते. मुलाचा आवाज फुटतो तो स्वरयंत्र वाढल्यामुळे. एकाच वर्गातील दोघे मागेपुढे वाढले, तरी दोघेही निरोगी असू शकतात. एवढे सांगण्याने कोणती मर्यादा भंगते?

शासन हे करील, या भरवशावर राहू नये. २००७ मध्ये विरोधाचा गलबला होताच आमच्या मध्य प्रदेशासह महाराष्ट्र, कर्नाटक आदी राज्यांनी शाळांतील किशोरावस्था शिक्षण थांबविले. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे एवढे जाणतो, की परिपत्रक समाजाच्या मागून येते, पुढे चालत नाही.

म्हणून हे काम घरचे आहे. मुलीसाठी आईचे तसे मुलासाठी वडिलांचे. आणि शब्द पुरविण्याचे काम साहित्य मंडळांचे. आगामी व्याख्यानमालेतील एक पुष्प या विषयास द्यावे, वक्ता डॉक्टर असावा, भाषा मराठी असावी आणि पालकांनी मुलांना घरी ठेवून येऊ नये.