निष्क्रिय यंत्रांचा कोळसा

तिरोड्याच्या औष्णिक विद्युत्केंद्रात ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत. तेथील वीज ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरून कोराडी-अकोला मार्गे मराठवाड्यापर्यंत जाते, आणि राज्याच्या जाळ्यात मिसळून मुंबईच्या बँकांतील सर्व्हर काय किंवा आपल्याच गोंदिया जिल्ह्यातील तहसील कचेरीतले संगणक काय, सर्वांना सारखीच पुरविली जाते. संगणकातून धूर निघत नाही, म्हणून त्याला निर्मळ यंत्र मानण्याची जी सवय आपल्या व्यवसायात रूढ झाली आहे, ती या जिल्ह्यात काम करणाऱ्यांना तरी शोभण्यासारखी नाही. कारण तो धूर येथील धुराड्यांतून डोळ्यांदेखत निघतो.

यंत्राने काम करावे आणि त्यापोटी वीज खर्च व्हावी, याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती काहीच काम न करता होणाऱ्या खर्चाला. गूगलचे अभियंते लुईझ बारोसो आणि उर्स होल्झ्ले यांनी २००७ साली दाखवून दिले, की सर्व्हर बहुतेक काळ आपल्या शक्तीच्या दहा ते पन्नास टक्के भारावरच चालतात, आणि अगदी रिकामे असतानाही पूर्ण भाराच्या निम्मी वीज सहज घेतात. वीजखर्च कामाच्या प्रमाणात असावा, हे त्यांनी मांडलेले तत्त्व मोठ्या केंद्रांनी पुष्कळ अंशी अमलात आणले. लहान दफ्तरांपर्यंत मात्र ते अद्याप पोहोचलेले नाही.

एका साध्या संगणकाचाच हिशेब मांडून पाहावा. पडद्यासह तो रिकामा असताना ५० वॉट घेतो असे धरले, तर सायंकाळी सहा ते सकाळी दहा या सोळा तासांत ०.८ युनिट खर्ची पडते, वर्षाकाठी सुमारे २९० युनिट होतात, आणि एका युनिटास सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो हे ध्यानात घेता एकाच टेबलावरच्या निद्रिस्त कारभारासाठी दोनशे किलोंच्या आसपास कोळसा जळतो. तोच संगणक झोपेच्या अवस्थेत ठेवला, तर त्याला दोन-तीन वॉट पुरतात.

मग तो चालू का राहतो? आळस हे याचे उत्तर नव्हे. धान खरेदीच्या नोंदणीच्या दिवसांत केंद्रावर सातबारा हातात घेऊन रांग लागलेली असते, जुन्या हार्ड डिस्कचा संगणक सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेतो, आणि तेवढ्या वेळात रांगेतला शेतकरी अस्वस्थ होतो. म्हणून ऑपरेटर रात्री यंत्र बंदच करीत नाही. त्याला परिपत्रक पाठवून काही साधणार नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली की यंत्र अर्ध्या-एक मिनिटात उठते, आणि ते बंद करण्याची भीती आपोआप नाहीशी होते. नवे यंत्र घेण्यापेक्षा ही दुरुस्ती आम्हांस अधिक पसंत आहे, कारण यंत्र घडविण्यातही उत्सर्जन होतेच.

दुसरा दोष यूपीएसचा. पुढे लागेल म्हणून दुप्पट-तिप्पट क्षमतेचा ऑनलाइन यूपीएस बसविण्याचा शिरस्ता आहे; परंतु कमी भारावर त्याची कार्यक्षमता घसरते, वाया गेलेली वीज उष्णता होऊन खोलीत उतरते, आणि मे महिन्यातल्या विदर्भात ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्राला आणखी वीज द्यावी लागते. निविदेचा मसुदा तयार करणाऱ्यांनी प्रथम प्रत्यक्ष भार मोजावा, मगच क्षमतेचा आकडा लिहावा.

सॉफ्टवेअर लिहिणारेही या जबाबदारीतून मुक्त नाहीत. नवी नोंद आली का, हे दर सेकंदाला सर्व्हरला विचारीत बसणारा प्रोग्रॅम प्रोसेसरला सलग झोपू देत नाही. नोंद आल्यावरच जागे होण्याची रचना लिहिणे कठीण नाही. विजेचा खर्च हाही शुद्धतेइतकाच प्रोग्रॅमचा गुणधर्म आहे, आणि तो तपासल्यावाचून प्रोग्रॅम पूर्ण झाला असे मानणे आम्हांस मान्य नाही.

बाजारात मिळणारा साधा वॉटमीटर भिंतीतील सॉकेट आणि संगणक यांच्यामध्ये लावता येतो. वाचकांनी आपापल्या कचेरीतील, गिरणीतील अथवा सेवा केंद्रातील एका यंत्राच्या रिकाम्या व कार्यरत अवस्थेतील नोंदी घेऊन, यंत्राच्या तपशिलासह, या मासिकाकडे अवश्य पाठवाव्यात. त्या आम्ही प्रसिद्ध करू.