पाट्या बदलल्या, सातबारा नाही

वरठीच्या स्टेशनावर पाटी आहे भंडारा रोडची. गाव जागचं हललं नाही, पण राज्यं त्याच्यावरून गाड्यांसारखी गेली. मध्य प्रांत, १९५० ला मध्य प्रदेश, १९५६ ला द्विभाषिक मुंबई, १९६० ला महाराष्ट्र. दर वेळी कचेरीवर नवी पाटी. शेतात वाकलेला माणूस तोच. तिथला म्हातारा विचारतो, 'बाबू, सरकारं बदलली, मंग आपलं काऊन नाही बदललं?'

१९५१ ला मालगुजारी कायद्यानं गेली. मालगुजाराची घरची शेती मात्र त्याच्याकडेच राहिली. आमच्या भूमिहीन बापाला काय मिळालं? मत! ज्याची चूल दुसऱ्याच्या शेतावर पेटते, त्याचं मत कसलं मोकळं? १९५४ ला याच भंडाऱ्यात, पोटनिवडणुकीत, राखीव जागेवर बाबासाहेब पडले. घटना लिहिणारा माणूस पडला!

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. शेतजमीन सरकारच्या मालकीची करा, गावानं ती सामुदायिक कसावी, आणि हे घटनेतच लिहा, अशी मागणी त्यांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये केली होती. घटनेत मत आलं. जमीन बाहेरच राहिली.

हे एकट्या आपल्या देशाचं दुखणं नाही. अमेरिकेत १८६५ ला गुलामगिरी गेली. काळ्यांना देऊ केलेली चाळीस-चाळीस एकरं त्याच वर्षी जुन्या मालकांना परत गेली. १८७० ला मत दिलं, पण पायाखाली जमीन नव्हती. दक्षिणेत ते मत हिसकावलं गेलं, आणि परत मिळवायला १९६५ उजाडलं. उलट जपान बघा. १९४६ च्या कायद्यानं जमीनदाराची जमीन सरकारनं घेऊन कुळांना विकली. जमीनदार संपला. तिथं डोक्यावर अमेरिकन फौज होती. आपल्याला फौज नको, रस्त्यावर माणसं पाहिजेत. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ ला ती उतरवली होती. लाखो भूमिहीन तुरुंगात गेले.

आणि वरठीच्याच मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबाकडे थोडी शेती होती आणि मान ताठ होती. चौघांना ठेचून मारलं. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं खुनाची शिक्षा दिली, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. कायदा होता. लावणारे हात जुनेच होते.

दोस्तांनो, शहरात येऊन आपणही तिकिटांच्या मागं लागलो. तिकीट मागणाऱ्या आपल्याच पुढाऱ्याची कॉलर धरून एवढंच विचारा: गावच्या पडीक सरकारी जमिनीचा सातबारा भूमिहीनाच्या नावावर कधी? त्याच्याकडं उत्तर नसेल तर समजा, हाही नवीन पाटीच घेऊन आलाय.

पाट्या खूप वाचल्या. आता सातबारा वाचायचा, आपल्या नावाचा.